पवनचक्कीच्या पात्यातला दोष कसा शोधतात

नागपूरच्या आसपास पवनचक्क्या दिसत नाहीत. त्या पाहायला सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर, सांगलीकडे ढालगावला, नाहीतर धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलला जावं लागतं. विदर्भातल्या वाऱ्याला तेवढा जोर नाही. पण पात्यातले दोष शोधण्याचं काम नागपूरला परकं नाही. मिहानच्या सेझमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानासाठी कंपोझिटचे फ्लोअर बीम, म्हणजे प्रवाशांच्या पायाखालचा तक्ता पेलणाऱ्या तुळया, तयार होतात. विमानाची तुळई कार्बन फायबरची असते आणि पवनचक्कीचं पातं बहुतांशी ग्लास फायबरचं. पण धागा आणि रेझिन ही जोडी दोन्हीकडे आहे. दोष बरेचसे तेच असतात आणि ते शोधायची यंत्रंही जवळपास तीच. म्हणून नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून, आयटीआयमधून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी, आणि नुसतंच कुतूहल असलेल्यांसाठीही, हे सगळं क्रमाने पाहू.

आधी कंपोझिट म्हणजे काय ते समजून घेऊ. दोन वेगळे पदार्थ एकत्र आणून केलेला तिसरा पदार्थ, एवढाच त्याचा अर्थ. काचेचे बारीक धागे ताण सोसतात. रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, त्या धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. धागे नसतील तर रेझिन ठिसूळ, आणि रेझिन नसेल तर धागे म्हणजे नुसतं कापड.

इथे एक फरक लक्षात ठेवला की पुढचं सोपं जातं. लोखंडी तुळई बनवणाऱ्याकडे पोलाद तयार होऊन येतं, त्याचं प्रमाणपत्रही सोबत असतं. पातं बनवताना मात्र वस्तू आणि तिचा पदार्थ दोन्ही एकाच साच्यात, एकाच वेळी तयार होतात. साहजिकच पदार्थातला दोषही तिथेच, आपल्याच हातून शिरतो. तो शोधायचा तर साच्यात काय काय घडतं हे आधी ठाऊक हवं.

पातं आतून पोकळ असतं. वरचं आणि खालचं अशी दोन कवचं वेगवेगळ्या साच्यांत बनवून पेस्टने एकमेकांना चिकटवतात. प्रत्येक कवचात लांबीच्या दिशेने धाग्यांचा एक जाड पट्टा असतो. त्याला स्पार कॅप म्हणतात, हा पात्याचा कणा. दोन्ही कवचांमध्ये उभी भिंत असते, ती शिअर वेब. बाकीच्या भागात वजन कमी ठेवण्यासाठी दोन पातळ थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा फोम भरतात. पातं जिथे बोल्टांनी पवनचक्कीला जोडलं जातं, ते जाडजूड बूड म्हणजे रूट. एखादा दोष किती गंभीर आहे हे तो यांपैकी कुठल्या भागात आहे त्यावर ठरतं. फोमच्या भागात चालून जाणारा बुडबुडा स्पार कॅपमध्ये चालेलच असं नाही.

पातं किती सोसतं याचा हिशेब करून पाहा. मिनिटाला १२ फेरे धरले तर २० वर्षांत साडेबारा कोटी फेरे होतात. वारा नसलेले दिवस वजा केले तरी आकडा कोटींतच राहतो. प्रत्येक फेऱ्यात पात्याचं स्वतःचं वजन त्याला एकदा एका बाजूला वाकवतं, एकदा दुसऱ्या. आज नखाएवढा असलेला दोष इतक्या हेलकाव्यांनी हळूहळू वाढत जातो. कारखान्यात पातं उचलून वाकवून पाहिलं आणि ते मोडलं नाही, म्हणजे ते निर्दोष ठरलं असं होत नाही.

आता साच्याकडे जाऊ. पहिली तपासणी साच्याच्याही आधी, गोदामात होते. काचेचं कापड आणि बाल्सा कोरडे हवेत. बाल्सा ओल धरतो, आणि ती ओल पुढे व्हॅक्युममध्ये वाफ होऊन बुडबुडे करते. पावसाळ्यात नागपूरची हवा दमट झाली की गोदामाचं दार उघडं टाकणं महागात पडतं. कापडाचे रोल बांधलेले ठेवणं, लाकडाची ओल मीटरने मोजणं, रेझिनच्या पिंपावरची तारीख पाहणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. पण यात कुचराई झाली तर पुढचं कुठलंही यंत्र ती भरून काढत नाही.

दुसरी पायरी ले-अप, म्हणजे साच्यात कापडाचे थर एकावर एक अंथरणं. सगळ्यात घातक दोष इथेच जन्म घेतो आणि दिसायला तो अगदी साधा असतो. तो म्हणजे सुरकुती. साचा वळणदार, कापड लांबलचक. कुठेतरी थोडं जास्तीचं कापड जमा होतं आणि त्याची लाट उभी राहते. वर आणखी थर आले की ती झाकली जाते. धागा सरळ असेल तोवर तो ताण पेलतो. लाटेत वाकलेला धागा ताण आला की सरळ व्हायला पाहतो आणि आजूबाजूचे थर सोलून काढायला लागतो. उंच आणि आखूड लाट वाईट, बुटकी आणि लांब लाट त्या मानाने बरी. म्हणून निरीक्षक नुसती उंची नोंदवत नाही, उंचीचं लांबीशी असलेलं प्रमाण मोजतो.

सुरकुती पकडायचं उत्तम साधन म्हणजे बॅटरी. टॉर्च वरून न धरता कापडाला जवळपास टेकवून आडवा धरा, लाटेची सावली पडते. हातमोजा घातलेला तळवा लांबीच्या दिशेने फिरवला तर उंचवटा बोटांनाही लागतो. हे प्रत्येक थराला करायचं असतं. दहा थर टाकून झाल्यावर पाहू म्हणणारा खालचे नऊ थर विसरलेला असतो.

याच टप्प्यावर नको त्या वस्तूही आत राहतात. कापडाच्या रोलवरची प्लास्टिकची फिल्म, टेपचा तुकडा, फाटलेल्या हातमोज्याचं बोट. त्यातली फिल्म सगळ्यात वाईट, कारण तिला रेझिन चिकटत नाही आणि दोन थर कायमचे वेगळे राहतात. चांगल्या कारखान्यात काढलेल्या फिल्मचे तुकडे मोजून ठेवतात. जेवढे थर तेवढे तुकडे मिळाले नाहीत तर काम थांबवतात.

तिसरी पायरी बॅगिंग. सगळ्या थरांवर प्लास्टिकची बॅग टाकून कडेने चिकट पट्टीने सील करतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. मग पंप बंद करून मीटरकडे पाहत थांबायचं. ठरलेल्या वेळात दाब ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढला तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत रेझिन सोडायचं नाही. घाईत असलेला सुपरवायझर इथेच म्हणतो, ‘एवढं चालतं.’ एवढंसं सुईच्या टोकाचं भोक रेझिन वाहत असताना हवा आत ओढत राहतं आणि बुडबुड्यांची एक माळ तयार होते.

चौथी पायरी इन्फ्युजन, म्हणजे व्हॅक्युमच्या जोरावर रेझिन कोरड्या कापडात भिनवणं. रेझिन नेहमी सोप्या वाटेने धावतं. दोन बाजूंनी आलेले प्रवाह मधला भाग भिजायच्या आधीच एकमेकांना भेटले, तर मध्ये एक बेट कोरडं राहतं. त्याला ड्राय स्पॉट म्हणतात. म्हणून रेझिन कुठे किती वाजता पोचलं याची खूण बॅगवरच मार्करने करून ठेवायची पद्धत आहे. पुढे निरीक्षकाला कुठे बारकाईने पाहायचं ते या खुणांवरून कळतं.

बारीक पोकळ्यांचं काय? पोकळीचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की थरांमधली पकड साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते, असा ढोबळ हिशेब आहे. दोन-तीन टक्के पोकळी कागदावर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ती किरकोळ नसते.

पाचवी पायरी क्युअरिंग, रेझिन पक्कं होणं. या क्रियेत रेझिन स्वतःच उष्णता सोडतं. रूटच्या जाड भागात ती साठते आणि रेझिन करपतं किंवा तडकतं. पातळ भागात उलट, साचा पुरेसा तापला नाही तर रेझिन अर्धकच्चं राहतं. त्यात नागपूरचा मे महिना. तापमान १० अंशांनी वाढलं की मिसळलेलं रेझिन वापरायला मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो. शेडमधलं तापमान न पाहता हिवाळ्यातलंच वेळापत्रक उन्हाळ्यात चालवलं तर रेझिन अर्ध्या वाटेतच घट्ट होईल. कच्चेपणा डोळ्यांना दिसत नाही. पृष्ठभागाचा कठीणपणा छोट्या टोचणी-यंत्राने, बारकोल टेस्टरने, मोजतात. शिवाय एक लहान नमुना प्रयोगशाळेत तापवून रेझिन किती अंशांना मऊ पडतं तेही पाहतात.

सहावी पायरी बाँडिंग, दोन कवचं चिकटवणं. सुरकुतीखालोखाल मला धास्ती वाटते ती या पायरीची. पेस्ट लावून वरचं कवच खालच्यावर बसवलं की सांधा आत झाकला जातो. पेस्ट कमी पडली तर पोकळी राहते, जास्त झाली तर जाड सांधा स्वतःच तडकतो. यासाठी आधी कोरडी जुळणी करतात. सांध्याच्या जागी मऊ प्लास्टिसिनचे गोळे ठेवून कवच बंद करायचं, उघडायचं आणि चपटे झालेले गोळे मोजायचे. फट कुठे किती येणार ते कळतं, आणि पेस्टही तेवढीच लावता येते.

पेस्टही घट्ट होताना गरम होते. त्या वेळी बाहेरून थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे उष्णतेचं चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याने, पाहिलं तर पेस्ट आहे तिथे पट्टा उबदार दिसतो आणि नाही तिथे थंड तुकडा. ही संधी थोडाच वेळ असते. पेस्ट निवली की गेली.

पातं साच्यातून बाहेर आलं की खरी ‘तपासणी’ सुरू झाली असं बहुतेकांना वाटतं. इथवर वाचल्यावर आपल्याला ते पटणार नाही, पण हा टप्पाही मोठा आहे.

रंग देण्याआधी ग्लास फायबरमधून प्रकाश थोडाफार आरपार जातो. आतून दिवा लावून बाहेरून पाहिलं की कोरडा भाग पांढुरका दिसतो आणि बुडबुड्यांचे ठिपके कळतात. बिनखर्चाची आणि भरवशाची पद्धत आहे ही. रंग लागला की ती कायमची बंद होते, म्हणून रंगकामाची घाई करणाऱ्यांशी निरीक्षकाने भांडायलाच हवं. कार्बन फायबर काळं असल्यामुळे तिथे ही सोय नाही.

मग टॅप टेस्ट. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकतो, अगदी तेच. छोट्या हातोडीने किंवा नाण्याने ठरलेल्या अंतरावर ठोकत जायचं. घट्ट भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बद्द. बाल्सा किंवा फोमवरच्या पातळ कवचाला ही पद्धत चांगली. जाड स्पार कॅपमध्ये खोलवरचा दोष मात्र आवाजात कळत नाही, आणि शेडमध्ये ग्राइंडर चालू असेल तर काहीच कळत नाही.

खोल पाहायला अल्ट्रासाऊंड लागतो, म्हणजे कानाला ऐकू न येणारा उच्च कंपनांचा आवाज. प्रोब नावाचा छोटा ठोकळा पृष्ठभागावर टेकवतात. प्रोब आणि पातं यांच्यामध्ये पाणी किंवा जेल हवं, कारण हवेची फट आली तर आवाज आत शिरतच नाही. ध्वनी आत जातो, मागच्या पृष्ठभागावर आदळून परततो. वाटेत पोकळी किंवा सुटलेला थर असेल तर तिथूनच परततो.

एक उदाहरण घेऊ. ग्लास फायबरच्या जाड थरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण २,८०० मीटर धरा. जाडी ५० मिलिमीटर असेल तर जाऊन परत यायला सुमारे ३६ मायक्रोसेकंद लागतील. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पडद्यावर ३६ ऐवजी १४ मायक्रोसेकंदांवर ठळक प्रतिध्वनी दिसला, तर साधारण २० मिलिमीटर खोलीवर काहीतरी आहे. प्रोब पद्धतशीरपणे सगळीकडे फिरवून हे आकडे रंगांत मांडले की नकाशा मिळतो, त्याला सी-स्कॅन म्हणतात.

नवशिके इथे चार ठिकाणी अडखळतात. पहिलं, प्रोबची निवड. जास्त कंपनसंख्येचा प्रोब बारीक दोष दाखवतो, पण काचेच्या धाग्यांत त्याचा ध्वनी लवकर विरतो. जाड भागाला १ मेगाहर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहून कमी कंपनांचा प्रोब लागतो. दुसरं, फोमच्या भागावर प्रोब फिरवत बसणं. फोममध्ये हा ध्वनी पुढे जातच नाही. तिसरं, सुरकुती. धागे वाकलेले असले तरी रेझिन सलग असतं, त्यामुळे ठळक प्रतिध्वनी येत नाही. थरांच्या रेषा वाकड्या झाल्यात का हे चित्रात बारकाईने पाहावं लागतं. चौथं सगळ्यात फसवं. पेस्ट पृष्ठभागाला टेकलेली आहे पण चिकटलेली नाही, असा सांधा. याला किसिंग बाँड म्हणतात. ध्वनी तिथून बऱ्याचदा आरामात पलीकडे जातो आणि पडदा सांगतो, सगळं ठीक. यावर भरवशाचा उपाय एकच, चिकटवण्याआधी पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करणं आणि ते केल्याची सही घेणं.

यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी ते कॅलिब्रेट करावं, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी ताडून पाहावं. आपल्याकडे ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ५६ अंश हा आकडाच अविश्वसनीय होता, म्हणून लगेच शंका आली. अल्ट्रासाऊंडचं यंत्र दोन मिलिमीटरनी चुकलं तर कुणालाच शंका येणार नाही. म्हणून त्याच मालाचा, त्याच जाडीचा, मुद्दाम दोष ठेवून बनवलेला ठोकळा जवळ ठेवतात आणि पाळी सुरू होताना यंत्र त्यावर चालवून पाहतात. पोलादाचा ठोकळा इथे चालत नाही. पोलादात ध्वनी दुपटीहून वेगाने जातो.

आणि यंत्र बिनचूक असलं तरी चित्र माणसालाच वाचायचं असतं. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत नॅन्टकेट बेटाजवळच्या व्हिनयार्ड विंड प्रकल्पात १०७ मीटर लांबीचं एक पातं समुद्रात मोडून पडलं. ते बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीने कारण सांगितलं: उत्पादनातली चूक, चिकटवणी अपुरी, आणि ती तपासणीत सापडायला हवी होती. मग कॅनडातल्या ज्या कारखान्यात ते पातं बनलं होतं, तिथल्या सुमारे १५० पात्यांची नोंद कंपनीने पुन्हा तपासायला घेतली, एकेका पात्यामागे अल्ट्रासाऊंडची ८,३०० चित्रं. आठ हजार चित्रं एकापाठोपाठ पाहणाऱ्याचा डोळा थकतोच. कुठल्या चित्रांवर थांबायचं हे ठरवायला ले-अपची नोंद, बॅगवरच्या खुणा, गळतीचा कागद उपयोगी पडतो. निरीक्षकाला नुसती स्कॅनची फाइल देऊन बाकी कागद न देणं म्हणजे त्याला अर्ध्या माहितीवर कामाला लावणं.

दोष सापडला की लगेच ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. आधी जागा, लांबी-रुंदी आणि खोली लिहायची, फोटो काढायचा आणि डिझाइनच्या माणसाला विचारायचं. पात्यांचं डिझाइन आणि निर्मिती यांसाठी आयईसी ६१४००-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण कुठला दोष कुठे किती चालेल ते त्या-त्या पात्याच्या हिशेबावर ठरतं. दुरुस्तीत दोष कापून काढून कडा उतरत्या करतात आणि थर पुन्हा भरतात. दोष १० मिलिमीटर खोल असेल आणि उतार १ ला ५० ठेवायचा असेल, तर प्रत्येक बाजूला ५०० मिलिमीटर चांगला माल घासून काढावा लागतो. कधी कधी दोषापेक्षा दुरुस्तीच जास्त नुकसान करते. किरकोळ दोष नोंद करून तसाच ठेवण्याचा निर्णयही योग्य असू शकतो, फक्त तो विचारपूर्वक घेतलेला हवा.

पातं शेतात उभं राहिल्यावर त्यातला दोष किती महागात पडतो याचं उदाहरण आपल्याच राज्यातल्या कंपनीचं आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या एस८८ पवनचक्क्यांच्या पात्यांना अमेरिकेत तडे गेले. २००८ साली कंपनीने तिथल्या ४१७ पवनचक्क्यांची १,२५१ पाती मजबूत करायचा कार्यक्रम जाहीर केला. पातं शेडमध्ये स्टँडवर असताना जी जागा हाताच्या अंतरावर असते, तिथे पोचायला शेतात क्रेन लागते, मशीन बंद ठेवावी लागते आणि वारा पडायची वाट पाहावी लागते.

आपल्या घरचं कोणी या कामाला लागणार असेल, तर एनडीटीचा, म्हणजे वस्तू न मोडता तपासण्याचा, लेव्हल २ अभ्यासक्रम जरूर करावा. पण त्याआधी महिनाभर तरी ले-अप आणि बाँडिंगच्या टेबलावर काम मागून घ्यावं. मुलाखतीत ‘कुठलं मशीन चालवता येतं’ हे सगळेच सांगतात. स्पार कॅपमध्ये सुरकुती कुठे पडते आणि का, हे ज्याला सांगता येईल त्याला आधी घ्यावं, असं माझं मत आहे.